दर सांगण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा तू मोबाइलवर ऑनलाइन छपाई करणाऱ्या कंपनीचा व्हिजिटिंग कार्डांचा भाव दाखवून विचारलेस, "काका, यापेक्षा पन्नास रुपये कमी सांगू का?" तेव्हा मी चहा गार होईपर्यंत गप्प बसलो. उत्तर आज लिहितो. दर सांगण्याआधी आपला खर्च कागदावर मांडावा. दुसऱ्याचा दर पाहून आपला ठरवू नये.

त्या कंपनीला कार्डे त्या भावात का परवडतात, हे तू पाहिलेच नाहीस. ती एका मोठ्या शीटवर गावोगावच्या वीस-पंचवीस गिऱ्हाइकांची कार्डे एकत्र लावते, त्यामुळे प्लेटचा, मशीन लावण्याचा आणि रंग जुळेपर्यंत वाया जाणाऱ्या कागदाचा खर्च तेवढ्या जणांत वाटला जातो. तुझ्या मिनी ऑफसेटवर, म्हणजे प्लेटवरून छापणाऱ्या छोट्या मशीनवर, तोच खर्च परभणीतल्या एकाच दुकानदाराच्या कामावर पडतो. मग ते पन्नास रुपये वडिलांच्या खिशातूनच जाणार ना?

मी हे शहाणपणाने शिकलो नाही. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला आणि मोंढ्यातल्या खतांच्या दुकानापासून हार्डवेअरवाल्यापर्यंत सगळ्यांना एकदम नवी बिलबुके हवी झाली. रात्री दोनपर्यंत नंबरिंग आणि बाइंडिंग चाले. वळवाच्या एका सरीला मी पावसाळा समजलो आणि कर्ज काढून दुसरे मशीन आणले. पुढे तीच दुकाने संगणकावर बिले काढू लागली. 1 ऑगस्ट 2023 पासून तर पाच कोटींवरच्या उलाढालीला ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल, सक्तीचे झाले. दरम्यान हप्ते भागवायचे म्हणून मी लग्नपत्रिकांचे दर पाडले, ते पाहून शेजारच्या प्रेसनेही पाडले. त्या हंगामात कामाला उसंत नव्हती, आणि अक्षय्य तृतीयेनंतर वही उघडली तर कागदवाल्याची उधारी तेवढी शिल्लक होती. दर सांगण्याआधी खर्च मांडला नव्हता, दुसरे काही नाही.

जुने ट्रेडल, म्हणजे खिळे जुळवून छापायचे यंत्र, मी वेळेवर विकले नाही, असे तुझे वडीलही म्हणतात. भंगारवाला किलोच्या भावाने मागत होता, मी दिले नाही, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. आजही परफोरेशन (पावती फाडायची छिद्रांची रेघ) आणि डाय पंचिंग (साच्याने कागद कापणे) त्यावरच होते आणि त्याचा हप्ता कोणाला द्यावा लागत नाही. हा हट्ट असेल तर असू दे.

डिजिटल मशीन घ्यायचे तर घे, पण त्याचे गणित समजून घे. ऑफसेटवर पहिली प्रत महाग असते आणि पुढच्या स्वस्त होत जातात. डिजिटलवर शंभरावी प्रत आणि पाच हजारावी प्रत जवळपास त्याच खर्चात पडते. म्हणून क्लासवाल्याला दीडशे मुलांची सराव प्रश्नपत्रिका आज संध्याकाळी हवी असते, ते काम तुझे आहे. तिथे तमिळनाडूतले छपाईचे मोठे केंद्र शिवकाशीही पोहोचत नाही आणि मोबाइलवरची कंपनीही नाही. तिथे घासाघीस करू नकोस. हजारो कॅलेंडरांचे काम मात्र खुशाल जाऊ दे.

रविवारी सकाळी ये. येताना मागच्या महिन्याची कागदाची आणि विजेची बिले, कारागिरांची हजेरी आण, आणि कटिंग मशीनमागे पडलेली वाया गेलेली शीटे मोजून आकडा लिहून आण. अंदाज चालणार नाही.

तुझा,
काका