सन हाउसची स्लाइड शिकताय? १९६५ पासून सुरुवात करा

सन हाउस म्हणजे बोटात नळी (स्लाइड) घालून ती गिटारच्या तारांवर सरकवत वाजवणारा अमेरिकन ब्लूज गायक. त्याच्या पॅरामाउंट कंपनीच्या १९३० च्या तबकड्यांची खरखर नव्या कानाला झेपत नाही. आधी कोलंबिया कंपनीचा १९६५ चा ‘फादर ऑफ फोक ब्लूज’ हा अल्बम घ्या. (बरीच वर्षं गिटार सुटलेल्या हाउसला त्याचीच गाणी ॲलन विल्सन या तरुण गिटारवादकाने पुन्हा शिकवली होती; तेव्हा तुम्हीही घाई करू नका!)

ट्यूनिंग ओपन जी (मोकळ्या तारा छेडल्या की जी कॉर्ड वाजते): नेहमीच्या ट्यूनिंगपासून सहावी, पाचवी, पहिली तार दोन फ्रेटइतकी उतरवा. जाडीकडून डी-जी-डी-जी-बी-डी. स्लाइड फ्रेटच्या (गिटारच्या मानेवरच्या) धातूच्या पट्टीच्या बरोबर वर हवी; सवयीने मागे ठेवलीत की सूर उतरतो. दाबलीत तर तार फ्रेटवर आपटून खडखडते. स्लाइडच्या मागचं बोट तारांवर अलगद टेकवा, नाहीतर नको ते सूर घुमतात. पहिली तार ०.०१३ इंच जाडीची घ्या, बारीक तार लुळी पडते.