लेबल नसलेल्या चार नळ्या

अकरावीला रसायनात कोडी घ्यायची म्हणतोस, जरूर घे. फक्त सुडोकूपासून सुरुवात नको. सुडोकू सोडवून मुलं सुडोकूतच पटाईत होतात. कोड्यातच रसायन हवं.

चार परीक्षानळ्या घे, नावं न लिहिता: सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, सोडियम कार्बोनेट, कॅल्शियम क्लोराईड आणि साधं मीठ, सगळ्यांची द्रावणं. लिटमससुद्धा द्यायचा नाही; एकमेकांत मिसळूनच ओळखायचं. जोड्या 6, प्रत्येकीला ताजे थेंब. एकीत बुडबुडे, एकीत पांढरा साका, उरलेल्या 4 गप्प. दोन्हीकडे हजर ती नळी कार्बोनेटची, हे बहुतेकांना दिसतं. अडतात मिठापाशी. काहीच न घडणं हाही पुरावा असतो, हे पचनी पडायला वेळ लागतो. तिथे तू उत्तर सांगून टाकू नकोस. तक्ता आधी कागदावर, मग नळ्यांना हात. (बेरियम क्लोराईडनेही जमतं, पण ते विषारी. नकोच.)

भंवरकुआंच्या कोचिंगमधली मुलं उत्तर झटकन देतात. गुण मात्र ‘कशावरून?’ला ठेव. कारण हिंदीत सांगितलं तरी चालेल, आपल्या इंदूरला काय त्याचं!

पुढच्या तासाला आवर्तसारणी. सिलिकॉनचा अणुभार 28, कथिलाचा 118.7, त्याच उभ्या रांगेतलं मधलं घर रिकामं सोड आणि अंदाज करायला लाव. सरासरी 73च्या आसपास येते. आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने 1871 मध्ये 72 सांगितला होता, आणि 1886 मध्ये सापडलेल्या जर्मेनियमचा निघाला 72.6. हे नाव मात्र आधी फळ्यावर लिहू नकोस.