ग्राहक न जमवता अ‍ॅप तपासता येतं का?

प्रश्न : ताई, आम्ही दोघी जावा दिवाळीचा फराळ करून विकतो. भाच्याने ऑर्डरसाठी वेब-अ‍ॅप करून दिलंय. लोक चकली-चिवडा निवडतात, मध्येच सोडून देतात आणि आम्हाला फोन करतात. भाचा म्हणतो, अ‍ॅपमध्ये काही बिघाड नाही. भाजणी दळायला टाकायची वेळ आली, आता ग्राहकांना बोलावून चाचणी घ्यायला सवड कुठली? काय करावं?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : भाचा खोटं बोलत नाहीये. बटण दाबलं की चालतं, एवढं त्याने पाहिलंय. ते बटण दुसऱ्याला उमगतं का, हे पाहायचं राहिलंय. ग्राहक न बोलावताही त्यातलं बरंचसं तपासता येतं.

तुमची लिंक उघडून काल रात्री मी फोनवर चकली मागवायला बसले. ‘प्रमाण’च्या चौकटीत १ लिहिला. एक किलो की एक पाकीट? पाकीट पाव किलोचं, हे थेट बिलावर कळलं. पिनकोड लिहिताना ४११ नंतर जागा सोडली, तर लाल अक्षरांत ‘अवैध माहिती’. कुठली, का, काही नाही. अहो, ‘दुपारी १ ते ४ बंद’ ही पाटीसुद्धा निदान केव्हा यायचं ते सांगते! शेवटी ‘ऑर्डर द्या’ दाबलं. पडदा ढिम्म. पुन्हा दाबलं. माझ्या नावाने दोन ऑर्डरी आल्या असतील, त्यातली एक रद्द करा.

ठरलेल्या निकषांवर असं स्वतःच अ‍ॅप तपासण्याला ह्युरिस्टिक इव्हॅल्युएशन म्हणतात. वस्तू वापरायला किती सोपी हे अभ्यासणाऱ्या जेकब नील्सन आणि रॉल्फ मोलिच यांनी १९९० मध्ये ही पद्धत मांडली. नील्सनने १९९४ मध्ये ठरवलेले दहा निकष आजही वापरतात. भाषा वापरणाऱ्याची हवी, चूक झाली तर ती नेमकी सांगून उपाय सुचवावा, आत काय चाललंय ते दिसावं : माझ्या तिन्ही तक्रारी यांत बसतात. ‘मला रंग आवडला नाही’ ही मात्र कशातच बसत नाही.

पण माझ्या एकटीवर विसंबू नका. नील्सनच्या प्रकल्पांत एकट्या तपासनिसाला सरासरी ३५ टक्केच अडचणी सापडल्या होत्या, म्हणून तीन ते पाच जण घ्यायचे. प्रत्येकाने वेगळं बसून लिहायचं, याद्या मागाहून जुळवायच्या. एकत्र बसलात तर थोरली ‘ठीक आहे’ म्हणाली की धाकटी काय बोलणार? मग प्रत्येक अडचणीला ० ते ४ गुण द्या. ४ म्हणजे दुरुस्त केल्याशिवाय अ‍ॅप उघडायचंच नाही. दुहेरी ऑर्डरला मी ४ देईन. भाच्याला वही धरायला बसवा, समर्थन करायला नको.

दुसरी पद्धत कॉग्निटिव्ह वॉकथ्रू. ‘अर्धा किलो चकली, शनिवारी घरपोच’ एवढं एकच काम घ्या. पहिल्यांदाच अ‍ॅप उघडणाऱ्या काकू डोळ्यांपुढे आणा आणि प्रत्येक पायरीला विचारा : आता हे करायचंय हे त्यांना सुचेल का? बटण दिसेल का? हेच ते बटण, हे कळेल का? दाबल्यावर काम पुढे सरकलं, हे समजेल का? मी चौथ्यावर आपटले.

तपासनीस कधी कुणालाच न अडणारी गोष्ट अडचण म्हणून लिहितात, आणि खरी अडचण नजरेतून सुटते. तुम्हाला तर अडलेले ग्राहक आपणहून फोन करतायत. पुढच्या फोनला ऑर्डर घेण्याआधी विचारा, ‘काकू, कुठं अडलं?’ त्या म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत भाच्याच्या वहीत उतरवा.