घर रस्त्याच्या खाली असेल, तर आधी पाण्यासाठी पैसे काढा

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातला हिशेब आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ कळेल. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये १९३०च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड (एक भिंत शेजाऱ्याशी जोडलेलं) घर. रस्ता वर, घर खाली. पुढचा ड्राइव्हवे (रस्त्यापासून गॅरेजपर्यंतची गाडीची वाट) ५५ चौरस मीटर आणि १३ मीटरमध्ये दीड मीटरहून थोडा जास्त उतरणारा, म्हणजे साधारण १:८ चा उतार. जुना टार्मॅक (डांबरी थर) भेगाळलाय, पावसाळी दिवशी गॅरेजच्या दाराशी पाणी साचतं, आणि मागच्या हिवाळ्यात साताऱ्याहून आलेल्या सासूबाई तिथे घसरल्या. आता रेझिनचा, म्हणजे चिकट राळेत खडी बसवलेला, ड्राइव्हवे करायचा विचार आहे. एक कोटेशन ५,९०० पौंडांचं, जुन्या टार्मॅकवरच रेझिनचा थर. दुसरं ११,४०० पौंडांचं, सगळं उकरून. तुमच्या मिस्टरांचं म्हणणं, पुण्यातली १२ लाखांची एनआरई (अनिवासी भारतीयांच्या खात्यातली) एफडी ७ टक्क्यांनी करमुक्त वाढतेय, तिला हात लावायचा नाही, इथे ६.९ टक्क्यांनी पर्सनल लोन घ्यायचं, बरोबरी होते. तुम्हाला कर्जच नको आहे. भांडण इथे अडलंय.

कर्जाच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे, पण कर्ज नको म्हणून ५,९०० वाल्याला होकार देऊ नका. ते सर्वांत महाग पडेल.

आधी एफडी. एनआरई ठेवीचं व्याज भारतात करमुक्त असतं, हे खरं. पण तुम्ही आठ वर्षं ब्रिटनमध्ये राहताय, इथले कर-रहिवासी आहात, आणि इथल्या रहिवाशाला जगभरच्या उत्पन्नावर इथे कर लागतो. एप्रिल २०२५पासून नव्याने येणाऱ्यांना पहिली चार वर्षं परदेशी उत्पन्नावर सवलत मिळते, ती तुम्हाला लागू नाही. मिस्टर ४० टक्क्यांच्या टप्प्यात आहेत. त्यांना व्याजावर वर्षाला फक्त ५०० पौंडांची सूट, आणि तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे ती इथल्या बचत खात्यातच संपते. म्हणजे ७ टक्क्यांतले हातात उरतात ४.२. शिवाय रुपया पौंडासमोर दीर्घकाळात घसरतच आलाय, त्या ४.२ मधूनही पौंडात मोजताना काही गळणार. समोर कर्जाचे ६.९ टक्के, तेही नक्की. याला बरोबरी म्हणता येत नाही.

आणि जरा नाजूक गोष्ट. हे व्याज आजवर इथल्या रिटर्नमध्ये दाखवलं नसेल, तर ड्राइव्हवेच्या आधी ते काम करा. भारतातल्या बँका अनिवासींच्या खात्यांची माहिती आंतरराष्ट्रीय करारानुसार पाठवतात, ती इथल्या कर खात्याकडे पोचते. परदेशी उत्पन्न स्वतःहून जाहीर करण्याची सोय त्यांच्याकडे आहे. त्यांचं पत्र येण्याआधी जाहीर केलं तर दंड बराच कमी बसतो. आपल्याकडच्या मंडळींत "एनआरई म्हणजे कुठेच कर नाही" हा समज इतका घट्ट आहे की चांगले शिकलेले लोकही यात सापडतात.

आता उतार. रेझिन विकणारा जे सांगतो ते सपाट जमिनीवर बहुतांशी खरं असतं. रेझिन-बाउंड म्हणजे खडी आणि रेझिन एकत्र कालवून थापीने पसरलेला थर, गाड्यांसाठी साधारण १८ मिलिमीटर जाड. त्यातून पाणी खाली जिरतं. (रेझिन-बॉण्डेड वेगळं: आधी रेझिन पसरतात, वर खडी भुरभुरतात, पाणी जिरत नाही. कोटेशनवर नेमका कुठला शब्द आहे ते बघा.) पण थर कितीही जिरवणारा असला, तरी खाली काय आहे त्यावर सगळं. ५,९०० वाला तुमच्या जुन्या, न जिरवणाऱ्या टार्मॅकवर हा थर देणार. पाणी १८ मिलिमीटर खाली जाईल, टार्मॅकला अडेल आणि उतारावरून थेट तुमच्या गॅरेजकडे येईल. आज येतंच आहे. उद्या दिसणार नाही, एवढाच फरक. जुन्या भेगाही एकदोन हिवाळ्यांत नव्या थरातून वर डोकावतात, आणि वॉरंटीचे बारीक अक्षरातले नियम वाचलेत तर खालच्या पायामुळे झालेलं नुकसान बहुधा त्यात नसतंच.

"हे पाणी जिरवतं, म्हणून नाली लागत नाही" असं त्याने तुम्हाला सांगितलं, हे वाचून मी पत्र दोनदा वाचलं. रस्ता वर आणि घर खाली असताना हे वाक्य बोलणाऱ्याला काम देऊ नये. उकरून, खाली जिरवणारा पाया केला तरीही पाणी मातीपर्यंत जातं आणि मग जमिनीखालून उताराच्या दिशेने चालायला लागतं. तुमचा उताराचा तळ म्हणजे तुमची भिंत. म्हणून असल्या उतारावर पायाच्या आत टप्प्याटप्प्याने आडवे बांध घालतात, आणि खाली दारासमोर जाळीची आडवी नाली. त्या नालीचं पाणी शोषखड्ड्यात जातं, आणि शोषखड्डा घरापासून किमान ५ मीटर दूर हवा असं इथले बांधकामाचे नियम सांगतात. पुढे तेवढी जागा फक्त वरच्या बाजूला, आणि पाणी वर चढत नाही. म्हणून दुसऱ्या कंत्राटदाराने घराच्या बाजूने पाइप नेऊन मागच्या, आणखी खालच्या बागेत खड्डा दाखवलाय. तुम्हाला तो खर्च फुगवलेला वाटला. मला वाटतं त्या माणसाने जागा नीट पाहिली आहे. फक्त खड्डा खणण्याआधी तिथे पाणी ओतून ते किती वेळात जिरतं ही चाचणी करायला सांगा. शेफील्डच्या बऱ्याच भागांत खाली चिकणमाती आहे, आणि चिकणमातीत शोषखड्डा म्हणजे नुसतं डबकं.

अजून एक मोजमाप. नवा पृष्ठभाग भिंतीतल्या ओलरोधक थराच्या किमान १५० मिलिमीटर खाली राहायला हवा. जुन्यावर थर चढवला की जमीन वर येते आणि हे अंतर कमी होतं. पैसे वाचवायला जाऊन हॉलच्या भिंतीला ओल आणली, तर घरविमाही हात वर करतो. हळूहळू मुरलेली ओल बहुतेक पॉलिसींत वगळलेली असते.

परवानगीबद्दल थोडक्यात. इंग्लंडमध्ये २००८पासून पुढच्या अंगणात ५ चौरस मीटरपेक्षा जास्त न जिरवणारी फरशी करायची, आणि तिचं पाणी आपल्याच बागेत किंवा वाफ्यात जात नसेल, तर काउन्सिलची परवानगी लागते. तुमचं पाणी मागच्या बागेत जाणार असल्याने अडचण दिसत नाही. मात्र उतार कमी करायला मोठी भर घालून किंवा पायऱ्यांसारखे टप्पे पाडून भिंती बांधायचा बेत असेल, तर आधी विचारून घ्या.

आता पैशांची विभागणी, माझ्या मते उत्तर इथेच आहे. दुसऱ्या कोटेशनची फोड तुम्ही पाठवलीत हे फार बरं केलंत: उकरणं, माती वाहून नेणं आणि पाया ४,३००; नाली, पाइप, शोषखड्डा २,१००; जिरवणारा टार्मॅक १,७००; रेझिन ३,३००. म्हणजे घर वाचवणारं काम ८,१०० चं, आणि देखणं दिसण्याचं ३,३०० चं. ही दोन वेगळी खरेदी आहे. जिरवणाऱ्या टार्मॅकवर गाडी बिनदिक्कत चालते. त्यावर रेझिन दोन वर्षांनी दिलं तरी चालतं. फक्त कडेच्या विटा आणि नालीची जाळी आत्ताच १८ मिलिमीटर उंच बसवून घ्यायला सांगा, आणि नाली तोवर पाण्याला अडवणार नाही याची सोय कशी करणार ते त्याच्याकडून लिहून घ्या. रेझिनच्या आधी टार्मॅकची छिद्रं धुऊन साफ करावी लागतील, तो किरकोळ खर्च धरा.

एफडी नोव्हेंबरमध्ये पिकते. मोडू नका, पिकू द्या. आजच्या दराने ढोबळमानाने १०,००० पौंड येतील, आणि एनआरई असल्याने मुद्दल-व्याज इकडे आणायला आडकाठी नाही. त्यातून मार्चमध्ये ८,१०० चं काम करा. उरलेले १,९०० आणीबाणीसाठी ठेवलेल्या आयसामध्ये (इथल्या करमुक्त बचत खात्यात) टाका. तिथे १३,५०० आहेत, ते १५,४०० होतील. तुमचा महिन्याचा खर्च २,७०० म्हणजे साडेपाच महिन्यांहून थोडी जास्त सोय. मिस्टरांची नोकरी कंत्राटी आहे, तेव्हा त्या आयसाला ड्राइव्हवेसाठी हात लावू नका.

रेझिनसाठी दरमहा २२० पौंड बाजूला काढले, तर पंधरा महिन्यांत ३,३०० जमतात. तोवर मुलीच्या सेकंडरी शाळेसाठी घर बदलायचं की नाही हेही तुम्हाला कळलेलं असेल. बदलणार असाल तर रेझिन करू नका. तुमच्या घराला पार्किंग आधीपासून आहे. गिऱ्हाईक पार्किंगला पैसे देतं, खडीच्या रंगाला फारसे देत नाही. गॅरेजशी साचणारं पाणी मात्र सर्व्हेअरच्या नजरेतून सुटत नाही.

कर्ज घेतलंच असतं तर? ११,४०० वर ६.९ टक्क्यांनी पाच वर्षं म्हणजे महिना सुमारे २२५ पौंड, व्याज २,१०० च्या आसपास. तुमच्या ब्रोकरने सुचवलंय तसं पुढच्या ऑगस्टमध्ये मॉर्गेज (गृहकर्ज) नवं करताना त्यातच टाकलं, तर ४.५ टक्के दर धरून २२ वर्षांत हप्ता फक्त ६८ ने वाढतो, म्हणून मोह होतो. व्याज मात्र साडेसहा हजारांच्या वर जातं, आणि तो ड्राइव्हवे फिटायच्या आधीच उकरायला येईल.

रेझिन कराल तेव्हा उन्हात पिवळं न पडणारं रेझिन आहे का ते लेखी घ्या, आणि वरून घसरण रोखणारी बारीक काचेची भुकटी. थंडीत किंवा ओल्या दिवशी हे काम होत नाही, ओलाव्याने रेझिन फेसाळतं. १:८ वर ओलं मिश्रण खाली सरकतं, म्हणून त्याने केलेला असाच एखादा उतार प्रत्यक्ष जाऊन बघा. शेफील्डमध्ये तसे उतार शोधायला लांब जावं लागणार नाही. २०१४च्या टूर द फ्रान्समध्ये तिथल्या जेनकिन रोडने सायकलपटूंचा घाम काढला होता.

"रोख द्या, व्हॅट वाचवतो" म्हणणाऱ्याला नाही म्हणा. बिल नसलं की तक्रारही नाही. निम्मी रक्कम आगाऊ देऊ नका. जी काही आगाऊ द्याल ती क्रेडिट कार्डने द्या: १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पर्यंतच्या कामाचा थोडा भाग जरी कार्डने दिलेला असेल, तरी कंत्राटदार बुडाला किंवा काम बिघडवलं तर १९७४च्या ग्राहक पत कायद्याच्या कलम ७५ नुसार पूर्ण कामाची जबाबदारी कार्ड कंपनीवरही येते. करार घरी बसून सही केलात, तर रद्द करायला सहसा १४ दिवस मिळतात. त्या मुदतीत काम सुरू करू देऊ नका.

आणि सासूबाई. त्यांच्यासाठी रेझिन हा उपाय नाहीच. १:८ च्या उतारावर बर्फ पडलं की कुठल्याही पृष्ठभागावर वयस्कर माणूस घसरतं. कडेने रुंद, बुटक्या पायऱ्या आणि धरायला कठडा, हे दुसऱ्या कंत्राटदाराला याच कामात जोडून किती पडेल विचारा. मशीन आणि माणसं आलेलीच असतील, तेव्हा स्वस्तात होईल. पैसे कमी पडले तर ते १,९०० मधून घ्या, रेझिनच्या आधी. आणि त्या याही हिवाळ्यात येणार असतील तर काम व्हायच्या आत नोव्हेंबरमध्येच मिठाची गोणी आणून ठेवा.