'राइट'चा भविष्यकाळ: खरी अडचण 'हॅव'नंतर येते

'राइट' (लिहिणे) हे अनियमित क्रियापद असल्यामुळे 'विल'नंतर 'रोट' लिहावे की 'रिटन', हा आपला प्रश्न वाचून मला माझीच जुनी अडचण आठवली. 'विल'च्या लगेच पुढे या दोन्हींपैकी काहीच येत नाही. तेथे मूळ रूपच येते, म्हणजे 'आय विल राइट'. अनियमितपणा असतो तो दुसऱ्या ('रोट') आणि तिसऱ्या ('रिटन') रूपांत, म्हणून साध्या भविष्यकाळाला आणि 'विल बी रायटिंग' या चालू भविष्यकाळाला त्याची झळ लागत नाही.

गाडी अडते ती पूर्ण भविष्यकाळात. 'आय विल हॅव रिटन द रिपोर्ट बाय मंडे' या वाक्यात 'हॅव'नंतर तिसरे रूपच हवे. 'विल हॅव रोट' प्रमाण इंग्रजीत चूक ठरते. मी ज्या खाजगी शिकवणीला जात होतो, तेथे बाराही काळांचा तक्ता केवळ 'वर्क' या क्रियापदावर घोकून घेतला गेला. 'वर्क'चे दुसरे आणि तिसरे रूप एकच, 'वर्क्ड', त्यामुळे 'विल हॅव वर्क्ड' म्हणताना आपण नेमके कोणते रूप वापरत आहोत हे विद्यार्थ्याला कधी कळतच नाही. शंका विचारली, तर तक्ता पाठ करा, पुढचे आपोआप येईल, एवढेच उत्तर मिळे. पुढे स्पर्धा परीक्षेत वाक्यातील चूक ओळखण्याच्या प्रश्नांत माझे गुण सतत जात राहिले आणि त्याचे मूळ त्या तक्त्यात आहे हे फार उशिरा लक्षात आले. पैसे घेऊन शिकवणाऱ्यांनी इतकी हयगय करावी, याचा मला आजही राग येतो.

मी भाषातज्ज्ञ नाही, तरीही माझे स्पष्ट मत आहे की हा तक्ता 'गो', 'टेक' किंवा 'राइट' अशा तिन्ही रूपे वेगळी असणाऱ्या क्रियापदांवरच गिरवावा. 'कम'पासून मात्र सावध राहा: त्याचे तिसरे रूप पुन्हा 'कम'च असल्याने 'विल हॅव कम' बरोबर आणि 'विल हॅव केम' चूक. लिहिताना 'रायटिंग'मध्ये एकच 'टी' आणि 'रिटन'मध्ये दोन, हेही पाहावे. शिवाय 'वेन' किंवा 'बिफोर'ने वेळ सांगणाऱ्या उपवाक्यात 'विल' घालू नये. 'आय विल हॅव रिटन इट बिफोर ही कम्स' असेच लिहावे.