फ्लॅश रिकामी, तरी बोर्ड रीसेट का होतो?

प्रश्न : आर्डुइनो युनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवरचा प्रोग्रॅम निम्मीही फ्लॅश (प्रोग्रॅम साठवायची मेमरी) व्यापत नाही. तरी एलसीडी मेन्यूत संदेश वाढवले की बोर्ड मध्येच रीसेट होतो. असं का?

उत्तर : अडचण फ्लॅशची नाही, रॅमची, म्हणजे प्रोग्रॅम चालताना लागणाऱ्या मेमरीची आहे. युनोवरच्या एटमेगा३२८पी चिपमध्ये फ्लॅश ३२ केबी, पण रॅम फक्त २,०४८ बाइट. अवतरणात लिहिलेला प्रत्येक संदेश फ्लॅशमध्ये असतोच, शिवाय सुरुवातीलाच त्याची प्रत रॅममध्ये जाते. ग्लोबल व्हेरिएबल (सगळ्या प्रोग्रॅमला दिसणारे) रॅमच्या खालच्या टोकाला बसतात, स्टॅक (चालू फंक्शनचा तात्पुरता डेटा ठेवायची जागा) वरच्या टोकाकडून खाली येतो. दोघं भिडले की फंक्शन संपल्यावर कुठे परतायचं ते सांगणारा रिटर्न अ‍ॅड्रेस बिघडतो आणि प्रोग्रॅम भलतीकडेच उडी मारतो.

छापायचे संदेश एफ मॅक्रोत, म्हणजे F("संदेश") असे, गुंडाळा. मग ते फ्लॅशमधूनच वाचले जातात. मेन्यूच्या तक्त्याला मात्र कॉन्स्ट (const) आणि डेटा फ्लॅशमध्येच ठेवणारा प्रोगमेम (PROGMEM) हे शब्द लावा, आणि बाइट वाचायला ‘पीजीएम रीड बाइट’च (pgm_read_byte) वापरा. साध्या पॉइंटरने वाचलंत तर कचरा दिसेल, कारण एव्हीआर या एटमेगाच्या चिप-कुटुंबामध्ये फ्लॅश आणि रॅमचे पत्ते वेगळे आहेत.

कंपाइलनंतर दिसणाऱ्या रॅम-वापराच्या आकड्यावर पूर्ण विसंबू नका. फंक्शनमधला २५६ बाइटचा लोकल बफर त्यात धरलेला नसतो. रॅममध्ये निदान ४०० बाइट मोकळे ठेवाच.