वडील ७२ वर्षांचे, आई ६६ ची. सत्तरीपुढच्यांच्या आयुष्मान कार्डात नेमका कोणता खर्च भागतो? आणि ते मिळाल्यावर मेडिक्लेम बंद करावा का?

मेडिक्लेम बंद करू नका. कारण पुढे सांगतो, आधी कार्डाचं बघू.

७० वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली. हप्ता भरायचा नसतो आणि जुन्या आजारांनाही पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं. वर्षाला ५ लाखांची मर्यादा मात्र कुटुंबामागे आहे. पुढे आईचीही सत्तरी पूर्ण झाली की दोघांत मिळून तेवढेच. तोवर वडिलांच्या कार्डावर आईचा उपचार होणार नाही. तिच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, त्यात आता पांढरं रेशनकार्डही चालतं.

कार्ड आयुष्मान ॲपवर घरबसल्या निघतं. वय फक्त आधारवरचं धरतात, शाळेचा दाखला किंवा पेन्शनचं पुस्तक दाखवून उपयोग नाही. आधारवर जन्मतारीख चुकलेली असेल तर आधी ती दुरुस्त करा, पण पुरावा नीट जमवून, कारण ही दुरुस्ती साधारणपणे एकदाच करून मिळते. आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर ओटीपी येणार नाही. म्हातारपणी बोटांचे ठसे झिजतात, मशीन घेत नाही. अशा वेळी चेहऱ्यावरून किंवा डोळ्यांवरून ओळख पटवता येते, तसं कार्ड काढायच्या केंद्रावर स्पष्ट सांगा.

आता खर्च. हे संरक्षण भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. भरतीआधी ३ दिवस आणि घरी सोडल्यावर १५ दिवस, इतक्या काळातल्या संबंधित तपासण्या आणि औषधं त्यात बसतात. रक्तदाब-मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या, ओपीडीची फी, नुसत्या तपासणीसाठी भरती, हे सगळं खिशातून. वडीलधाऱ्यांच्या घरात हाच खर्च दर महिन्याला असतो, तेव्हा त्याची तजवीज वेगळी ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो रुग्णालयात. ‘इथे आयुष्मान चालतं का?’ एवढंच विचारू नका. रुग्णालय हृदयविकारासाठी योजनेत असतं, पण हाडांच्या विभागासाठी नसतं, असं सर्रास आढळतं. काही उपचार तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत. म्हणून आजाराचं नाव सांगून आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, विचारा: ‘या ऑपरेशनचं पॅकेज (योजनेत ठरलेला एकत्रित उपचार) तुमच्याकडे आहे का, आणि पूर्वमंजुरी पाठवली का?’ भरती होतानाच कार्ड दाखवा. आधी रोख भरून नंतर परतावा मागण्याची सोय या योजनेत नाही. पॅकेजमध्ये खाट, डॉक्टर, औषधं, तपासण्या, जेवण सगळं धरलेलं असतं. तरीही ‘इम्प्लांटचे वेगळे द्या’ म्हणून कोणी मागितलं तर पैसे देण्याआधी १४५५५ वर तक्रार करा.

मेडिक्लेमचं कारण यातच आहे. तुमचं नेहमीचं रुग्णालय योजनेत नसेल, हवं ते पॅकेज नसेल किंवा स्वतंत्र खोली हवी असेल, तर पॉलिसीच कामी येते. बाहत्तराव्या वर्षी सोडलेली पॉलिसी पुन्हा घ्यायची म्हटलं तर हप्ता जबर आणि जुन्या आजारांना प्रतीक्षाकाळ नव्याने. खासगी विमा असला तरी हे कार्ड मिळतं. वडील सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी-निवृत्तांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएसमध्ये (माजी सैनिकांची योजना) असतील तर मात्र दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं, आणि तिथे ओपीडी आणि औषधं मिळतात हे विसरून ती सोय सोडू नका.